गिट प्रणालीतील फाईल नष्ट करणाऱ्या आज्ञा : एक चिकित्सा

प्रस्तावना :

धारवाड येथे २०१५ साली आयआयआयटी व २०१६ साली आयआयटी सुरू झाली. हुबळी-धारवाड परिसरातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आज 'गिट' हे नित्याचे साधन होय. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली तयार केली. तिच्यात ठेवलेले काम हरवत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात हा समज तपासून पाहिला आहे.

विवेचन :

हा समज 'कमिट' केलेल्या कामापुरताच खरा आहे. कमिट चुकून मागे पडले, तरी रिफ्लॉगच्या नोंदीवरून काही काळ ते परत मिळविता येते. ज्या फाईलची नोंदच झालेली नाही, तिचे रक्षण गिट करीत नाही.

ह्या दृष्टीने आज्ञांची वागणूक विसंगत दिसते. 'गिट आरएम' ही आज्ञा फाईलमध्ये नोंद न झालेले बदल असल्यास ती काढण्यास नकार देते. 'गिट क्लीन' मूळ मांडणीत 'फोर्स' पर्यायाशिवाय चालत नाही. उलट 'रिसेट'चा 'हार्ड' पर्याय, तसेच फाईलचे नाव देऊन वापरलेली 'चेकआउट' आज्ञा नोंद न झालेले बदल कोणतीही विचारणा न करता पुसून टाकते. २०१९ साली आलेल्या 'रिस्टोर' आज्ञेतही ही उणीव राहिली. ज्या नावांतून नाशाची कल्पना येत नाही, तेथेच सूचना नाही, हा खरा दोष आहे.

यावर असा युक्तिवाद केला जातो की, ह्या आज्ञा स्वयंचलित कामांतही वापरल्या जातात व प्रत्येक वेळी प्रश्न विचारल्यास ते काम अडेल. युक्तिवाद रास्त आहे. परंतु समोर माणूस आहे की आज्ञावली, हे प्रणालीला ओळखता येते. माणसापुरती विचारणा ठेवणे अशक्य नाही.

तथापि केवळ सूचना असून भागत नाही. २०१७ साली व्हीएस कोड ह्या संपादकात एका वापरकर्त्याने सर्व बदल रद्द करण्याचे बटण दाबले आणि कधीच नोंद न झालेल्या हजारो फाईली नष्ट झाल्या. तेथे सूचना होती. मात्र 'बदल रद्द होतील' याचा अर्थ 'फाईली नाहीशा होतील' असा आहे, हे तिच्यातून कळत नव्हते. पुढे त्या संदेशाची शब्दरचना सुधारण्यात आली.

निष्कर्ष :

काय नष्ट होणार, किती फाईली जाणार आणि त्या परत मिळतील की नाही, ह्या तिन्ही गोष्टी सांगणारी सूचनाच उपयुक्त ठरते. पुसण्यापूर्वी प्रत राखून ठेवणे त्याहूनही हिताचे. तोवर अध्यापकांनी कमिटबरोबरच, काय पुसले जाईल याची केवळ यादी दाखविणारा 'क्लीन'चा 'ड्राय रन' पर्यायही पहिल्याच तासाला शिकविणे आवश्यक आहे. सत्रभराच्या परिश्रमाचे मोल एका आज्ञेपेक्षा निश्चितच अधिक आहे.