चौकटीखालचं नाव

मंडळी, छायाचित्रांचं नवं दालन उघडतं तेव्हा पहिलं प्रदर्शन बहुधा समूहाचं असतं. त्यात सोय आहेच, दहा छायाचित्रकार म्हटले की दहा घरची माणसं उद्घाटनाला हमखास येतात. (हशा) पण तिथेच एक गोष्ट ठरून जाते. छायाचित्र कुणाचं मानायचं?

न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टिगलिट्झनं एडवर्ड स्टायकेनच्या मदतीनं असं दालन २४ नोव्हेंबर १९०५ला उघडलं. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या छोट्या खोल्या. पुढे घरक्रमांकावरून '२९१' हेच नाव पडलं. पहिलं प्रदर्शन त्यांच्याच गटातल्या सभासदांचं. यंत्रानं काढलेलं चित्रही कला असू शकतं आणि काढणारा कलावंत असतो, हे त्यांचं म्हणणं. ते त्यांनी जगाला पटवलं. मुंबईत एनसीपीएमध्ये छायाचित्रांसाठी वेगळी पिरामल गॅलरी आहे, ती याच वारशातली.

पण चित्रातला माणूस? तो कुठे गेला?

हा प्रश्न झरीत विचारायला हवा. २३ मे १९४५ला इथे, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात, सुमारे पाच हजार वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही असं ठरलं. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये तो लढा सांगितला आहे. त्यांचे आणि वारल्यांचे फोटो सुनील जाना यांनी काढले. कॅमेरा या भागात आला त्याला फार वर्षं झाली. खाली मात्र अजून लिहिलेलं असतं 'वारली स्त्री'. वर छायाचित्रकाराचं पूर्ण नाव.

चित्रकलेत नेमकं उलट घडलं, बघा. लग्नाचा चौक सवाष्णी लिहायच्या, त्याखाली सही नसायची. सत्तरच्या दशकात ही कला दालनात गेली आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर झालं. (बायकांची नावं तिथेही मागेच राहिली, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) म्हणजे दालन नाव देऊ शकतं.

याच स्टायकेननं १९५५ साली 'द फॅमिली ऑफ मॅन' मांडलं. ६८ देश, ५०३ छायाचित्रं. ते पुढे मुंबईतही आलं. जन्म, श्रम, मृत्यू सगळीकडे सारखेच, असा त्याचा सूर. रोलाँ बार्थनं त्यावर टीका केली की यात इतिहास पुसला जातो. मला ती पटते. गवताचा भारा डोक्यावर घेतलेली इथली बाई 'श्रम' या शीर्षकाखाली टांगली, की पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळावेत म्हणून १९४५ साली संप झाला होता, हे कुणाला कळणार?

पी. साईनाथ यांनी बायकांच्या कामाची छायाचित्रं गावांत, कारखान्यांत, स्टेशनांवर नेली. ज्यांचं जगणं त्यात आहे त्यांना ती बघता आली. हे मोठं पाऊल होतं. तरी नावाचा प्रश्न त्यानंही पूर्ण सुटत नाही.

एका तरुण छायाचित्रकारानं मला विचारलं, "सर, नाव छापल्यानं त्या माणसाला त्रास झाला तर?" रास्त शंका आहे. मग त्यालाच विचारा. नको म्हणाला तर 'नाव दिलेलं नाही' असं छापा. आणि विचारलंच नसेल, तर 'नाव विचारलं नाही' असं छापा, छायाचित्रकाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात.

बरं, आता प्रश्न घेऊ.