लेबलवर न मावलेली नावे

जुन्या ७८ गतीच्या तबकडीच्या मधोमध चिकटवलेला कागदी गोल साधारण तीन इंच व्यासाचा असतो. एवढ्या जागेत कंपनीचे चिन्ह, तबकडीचा क्रमांक, चित्रपटाचे नाव, गाण्याचे पहिले शब्द, गायक आणि संगीतकार बसवायचे. गीतकाराला कधी जागा मिळते, कधी नाही. वाजवणाऱ्यांना मात्र जवळजवळ कधीच मिळत नाही. तबकडी गोळा करणाऱ्याचे सगळे ज्ञान या तीन इंचांपासून सुरू होते आणि बहुतेकांचे तिथेच संपते. आपल्याकडचा संग्रहाचा छंद आणि जॅझच्या तबकड्यांचा छंद यांतला मुख्य फरक, माझ्या मते, या ‘संपण्यात’ आहे. जॅझच्या संग्राहकांनी लेबलवर जे नव्हते ते शोधून काढले. आपण लेबलवर जे होते तेच जपले.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गोहर जानचे गाणे मुद्रित केले. त्या काळातले गायक गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. त्यामागे व्यावहारिक कारण होते. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कोणता ठसा कोणाचा हे कळावे, म्हणून ही घोषणा. तबकडीवर पहिले नाव चढले ते असे, खुद्द आवाजात. पण त्याच खोलीत सारंगी आणि तबला वाजवणारेही बसलेले असत. त्यांनी नाव सांगायचे नव्हते. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात तबकड्यांचा कारखाना उभा राहिला, लेबले देशी लिपींत छापली जाऊ लागली, घोषणेची गरज सरली. साथीदारांची अनुपस्थिती मात्र तशीच पुढे चालत आली.

अमेरिकेतल्या जॅझच्या तबकड्यांची अवस्था सुरुवातीला फार वेगळी नव्हती. लेबलवर बँडप्रमुखाचे नाव असे. एकच बँड निरनिराळ्या कंपन्यांसाठी निरनिराळ्या टोपणनावांनी वाजवी. पण ऐकणाऱ्याला ओढ होती ती मधल्या आठ-दहा सेकंदांच्या कॉर्नेटची किंवा क्लॅरिनेटची. हे कोण वाजवते आहे? या एका प्रश्नातून एक विद्याच जन्माला आली. १९३६ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल दलोने याची ‘हॉट डिस्कोग्राफी’ प्रसिद्ध झाली. प्रत्येक मुद्रणाची तारीख, जागा, मॅट्रिक्स क्रमांक आणि त्या दिवशी खोलीत असलेल्या प्रत्येक वादकाचे नाव व वाद्य, असा तिचा आराखडा. १९६१ मध्ये इंग्लंडच्या ब्रायन रस्टने हेच काम फार मोठ्या पटावर नेले. दोघेही छंदातून या कामाकडे आलेले. जॅझचा इतिहास आज ज्या पायावर उभा आहे, तो अशा लोकांनी घातला.

गिटारचेच उदाहरण घेऊ. चार्ली ख्रिश्चन हा विजेच्या गिटारला जॅझमध्ये स्वतंत्र वादकाचे स्थान मिळवून देणारा तरुण. १९४२ च्या मार्चमध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. रात्री उशिरा हार्लेममधल्या मिंटन्स क्लबात तो जे लांबलचक, मोकळे वाजवी, ते कोणत्याही कंपनीने मुद्रित केले नाही. ते आज ऐकता येते, कारण जेरी न्यूमन नावाचा एक विद्यार्थी १९४१ मध्ये स्वतःचे मुद्रणयंत्र घेऊन तिथे जाऊन बसत असे. गिब्सन कंपनीच्या ज्या नमुन्याची गिटार ख्रिश्चन वाजवी, तिच्या तारांखालच्या पिकअपला जगभरचे गिटार-संग्राहक आजही ‘चार्ली ख्रिश्चन पिकअप’ म्हणतात. हे नाव कारखान्याने दिलेले नाही. वाजवणाऱ्यांच्या आणि जमवणाऱ्यांच्या बोलण्यातून ते त्या धातूच्या पट्टीला चिकटले. छंदाने मनावर घेतले तर नाव कसे टिकते, ते इथे दिसते.

आता मुंबईकडे वळू. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकन बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर हे संगीत ज्यांनी उचलले ते बहुतांश गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या शाळांत त्यांनी लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकून घेतली होती. हॉटेलांतले दिवस फार टिकले नाहीत. १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि मुंबईच्या रात्रींचा रंग उतरला. पण तोवर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाची दारे या वादकांना उघडली होती. संगीतकार चाल गाऊन दाखवी, आणि ती कागदावर उतरवून व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार यांच्यात वाटून देण्याचे काम गोव्याचा संगीत संयोजक करी. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतली ठळक नावे.

याच मंडळींतला अल्दोन्याचा आंतोनियो शावियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. ट्रम्पेटवादक, स्वतःच्या बँडचा प्रमुख, आणि आपल्या रामचंद्र चितळकरांचा, म्हणजे सी. रामचंद्रांचा, साहाय्यक. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादांच्या नाचामागे झालरी लावलेल्या बाह्यांचे सदरे घालून जो बँड उभा आहे, तो चिकचा खरा बँड आहे. मराठी घरांत हा चित्रपट दोन-तीन पिढ्यांनी पाहिला. चिकचा चेहरा लाखो लोकांच्या डोळ्यांसमोरून गेला, त्याचा ट्रम्पेट लाखोंच्या कानांत बसला. त्याच गाण्यांच्या तबकड्यांवर त्याचे नाव नाही. गंमत अशी की, चाळीसच्या दशकात त्याच्या बँडने नाचासाठी वाजवलेल्या जॅझच्या तबकड्याही निघाल्या होत्या, आणि त्यांच्या लेबलवर त्याचे नाव ठळक छापलेले आहे. माणूस तोच, वाद्य तेच. एका छापाच्या रिवाजात तो कलावंत ठरतो, दुसऱ्यात ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दात विरघळून जातो.

आपल्या संग्राहकांनी काम केले नाही, असे मुळीच म्हणायचे नाही. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आणि तिचे सचिव, भौतिकशास्त्राचे अभ्यासक सुरेश चांदवणकर यांनी विखुरलेल्या संग्राहकांना एकत्र आणले, मासिक बैठकांत तबकड्या ऐकवल्या, नियतकालिक चालवले. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ हा एका माणसाच्या चिकाटीचा डोंगर आहे: चित्रपट, गाणे, गायक, गीतकार, संगीतकार, तबकडीचा क्रमांक. या कामांशिवाय जुन्या गाण्यांवर एक ओळ विश्वासाने लिहिता येणार नाही. तरी रकाने पाहा. दलोनेच्या आराखड्यातला मॅट्रिक्स क्रमांक आपण घेतला, तारखांचा काटेकोरपणा घेतला. वादकांचा रकाना घेतला नाही. तो भरण्याचे काम फार उशिरा, आणि संग्राहकांच्या वर्तुळाबाहेरून झाले. ग्रेगरी बूथ यांनी म्हाताऱ्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिले, आणि नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’. दुसऱ्या पुस्तकाचे शीर्षक मीना सायलस याच्या रचनेवरून आले आहे. क्रिकेट स्मिथच्या बँडने ती १९३६ मध्ये मुद्रित केली होती. दोन्ही पुस्तकांना हाताशी असलेल्या स्मृतींवर काम करावे लागले. ज्यांना विचारायला हवे होते त्यांपैकी कितीतरी तोवर गेले होते. चिक तर १९६७ मध्येच गेला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. जॅझ ही ऐन वेळी सुचणाऱ्या वादनाची कला आहे. तिथे कोण वाजवतो यालाच महत्त्व. चित्रपटगीतात वादक समोरच्या कागदावरचे वाजवतो. मग त्याचे नाव कशाला? हा युक्तिवाद दोन ठिकाणी तुटतो. एक, तो कागद कोणी लिहिला, हा प्रश्न उरतोच. प्रारंभीचे संगीत, दोन कडव्यांमधले तुकडे, गायकाच्या ओळीखालून चालणारी व्हायोलिनची समांतर ओळ यांत संयोजकाचे हात असतात, आणि गाण्याची आठवण निघाली की आपण बहुधा तेच तुकडे गुणगुणतो. दोन, कागदावर फक्त स्वर असतात. ट्रम्पेटची फेक, गिटारच्या ठेक्यातली किंचित घाई, शब्द संपताना सोडलेला श्वास हे कागदावर नसते. हीच फेक ऐकून रस्टच्या पिढीने वादक ओळखले. आपले कान त्यांच्यापेक्षा कमी तयार नाहीत. बंदिशीच्या पहिल्या आलापावरून घराणे ओळखणारे रसिक आपल्यात आहेत. ते कान आपण साथीदारांकडे वळवले नाहीत, इतकेच.

रिवाज बदलला तर काय होते, हे आमान्सिओ डिसिल्वा या गिटारवादकाच्या उदाहरणावरून कळते. गोव्याच्या कुटुंबातला, १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेला हा वादक १९६७ मध्ये लंडनला गेला. १९६९ मध्ये त्याच्या दोन एलपी निघाल्या: ‘इंटिग्रेशन’, आणि जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकासोबतची ‘हम दोनो’. नाव हिंदी, वाद्यवृंद ब्रिटिश, आणि गिटारमध्ये आपल्याकडच्या सुरावटींचा स्पष्ट वास. या तबकड्यांतला ट्रम्पेटवादक इयान कार होता, बास डेव्ह ग्रीनचा होता, एकीवर ड्रम ट्रेव्हर टॉमकिन्सचे आणि दुसरीवर ब्रायन स्प्रिंगचे, हे सांगायला कोणाची मुलाखत घ्यावी लागत नाही. ते नोंदलेले आहे. मूळ प्रतींना आज इंग्लंडमधले संग्राहक भारी किंमत मोजतात, आणि त्या किमतीमुळेच ही तबकडी कोणाची, कोणासोबतची, हे कोणी विसरत नाही. त्याच वर्षी मुंबईतल्या चित्रपटगीतांत वाजलेल्या गिटारी कोणाच्या, हे सांगताना आपण अजून चाचपडतो.

किंमत आली की छंदाची दुसरी बाजूही येते. गिटार जमवणारा तिचा अनुक्रमांक, मूळ खुंट्या, लाकडाची जात याबद्दल तासभर बोलू शकतो. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझीलचे रोजवुड सोडून भारतीय रोजवुड, म्हणजे आपले शिसव, वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून ‘आधीची’ आणि ‘नंतरची’ गिटार असे दोन भाव झाले. २०१७ मध्ये शिसवाच्या संपूर्ण कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि वाद्य घेऊन सीमा ओलांडणाऱ्यांची धांदल उडाली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. ही सगळी माहिती खरी आहे, उपयोगाचीही आहे. पण वस्तूची वंशावळ तोंडपाठ आणि माणसाची कोरी, अशी स्थिती झाली तर संग्रहाचे गोदाम होते.

वस्तूची वंशावळ तरी आपण पूर्ण सांगतो का? मी देवरीत राहून हा विषय पाहतो, म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही. ७८ गतीची तबकडी दगडाची भुकटी, काजळी आणि लाख यांच्या मिश्रणाची असते. सगळ्याला धरून ठेवते ती लाख. ही लाख म्हणजे पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर किड्याने तयार केलेले कवच, आणि ही झाडे देवरीच्या चारी बाजूंना आहेत. फांदी तोडायची, लाख खरवडायची, कुटून धुवायची, वितळवून पातळ पापुद्रे ओढायचे, की झाला चपडा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा वाटा हिंदुस्थानातून, मुख्यतः छोटा नागपूर आणि मध्य प्रांताच्या जंगलपट्ट्यातून, कलकत्त्याच्या बंदरात जाई. त्या पट्ट्यातच आजचा गोंदिया जिल्हा येतो. उत्तम स्पॅनिश गिटारला जे फ्रेंच पॉलिश करतात, तेही लाखेचेच.

या पुरवठ्याचे वजन १९४२ मध्ये कळले. युद्धामुळे अमेरिकी सरकारने एप्रिलमध्ये लाखेच्या वापरावर कडक मर्यादा घातली, आणि नवी तबकडी काढायची तर जुन्या तबकड्या भंगारात मागवण्याची वेळ कंपन्यांवर आली. त्याच ऑगस्टपासून तिथल्या वादक संघटनेने मुद्रणावर बहिष्कार टाकला, तो मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत १९४४ पर्यंत चालला. बीबॉप ही जॅझची नवी शैली याच काळात घडत होती. तिच्या बाल्यावस्थेची मुद्रणे त्यामुळेच इतकी तुटपुंजी आहेत. आर्मस्ट्राँगच्या किंवा एलिंग्टनच्या कोणत्या तबकडीत कुठल्या जंगलाची लाख गेली, हे कधीच सांगता येणार नाही, कारण भट्टीत सगळी एक होते. लाख खरवडणाऱ्या गोंड, हलबा बायाबापड्यांचे नाव कुठल्याही लेबलवर येण्याची शक्यताच नव्हती. त्यांच्या बाबतीत वेळ गेली. वादकांच्या बाबतीत ती पूर्ण गेलेली नाही, आणि म्हणून तिथली हयगय अधिक खुपते.

दिवाळी अंकांत जुन्या गाण्यांवर दरवर्षी लेख येतात. ते आवडीने वाचले जातात, वाचले जावेत. त्यांतल्या प्रत्येक गाण्यापुढे गायिका, कवी आणि संगीतकार असे तीन मानकरी ठरलेले असतात. ही त्रयी लेबलानेच आपल्याला शिकवली. मराठी लिहिणाऱ्याने आणि संग्राहकाने आता आपल्या सूचीत एक रकाना वाढवावा: ‘वाजवणारे’. ज्या वादकांची मुलेबाळे आज साठी-सत्तरीत आहेत, त्यांच्याकडे मोबदल्याच्या वह्या, सुरावटींचे कागद, ध्वनिमुद्रणाच्या दिवशीची छायाचित्रे अजून सापडू शकतात. जे कळेल ते कोणी, केव्हा सांगितले याच्या उल्लेखासह लिहावे. अंदाजाने नाव घालू नये. जिथे काहीच मिळणार नाही, तिथे रकाना रिकामा ठेवावा, पण छापताना गाळू नये. रिकामा रकाना पाहून एखाद्या वाचकाला आपल्या वडिलांचे नाव आठवेल आणि तो संपादकांना पत्र लिहील. रकानाच नसेल, तर त्या पत्राला जागा नाही.