विल्यमसन कॅमेरा आणि पावणेपाच लाख छिद्रं

(नाशिक येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज एका कॅमेऱ्याबद्दल बोलायचंय. विल्यमसन कंपनीचा, १९१२ साली लंडनमध्ये पन्नास पौंडांना घेतलेला. घेणारा माणूस आपल्या त्र्यंबकचा. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०. नाशिकमध्ये हे नाव काढलं की पुढची गोष्ट समोरच्याला पाठ असते. ख्रिस्ताचा चित्रपट पाहिला, विम्याची पॉलिसी गहाण टाकली, विलायतेला गेले, कॅमेरा आणला, आणि भारतीय सिनेमा जन्माला आला.

माझी तक्रार या शेवटच्या 'आणि'बद्दल आहे. कॅमेरा आणणं आणि सिनेमा होणं यांच्यामध्ये जे काय आहे, ते सगळं या दोन अक्षरांत आपण उरकून टाकतो.

पहिली गोष्ट, हे काही कॅमेऱ्याशी पहिलंच नातं नव्हतं. गोध्र्याला फाळक्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुरातत्त्व खात्यात नोकरी झाली, लोणावळ्याला छापखाना झाला. १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताचा चित्रपट पाहिल्यावर त्यांनी आधी आणलं ते खेळण्यातलं यंत्र. मेणबत्तीचा उजेड भिंगातून टाकून घरातल्या भिंतीवर चित्रं हलवायची. विल्यमसन आला तो त्याच्यानंतर. म्हणजे बघा, बेचाळिशीच्या उंबरठ्यावरचा, अनेक धंदे करून बसलेला माणूस आपला पहिला गंभीर सिने-कॅमेरा घेतोय. ही हौस नव्हे, हा हिशेब आहे.

आता त्या यंत्राला काय लागायचं ते पाहू. मोटर नाही, हातानं फिरवायची मूठ. त्या काळची रीत अशी की सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला सोळा. हात घाईत आला की पडद्यावरचा माणूस रेंगाळणार, हात मंदावला की तोच धावणार. ही मूठ फिरवायला फाळक्यांनी कोणाला शिकवलं? तेलंगांना. तेही त्र्यंबकचेच, बालमित्र.

आणि फिल्म? कोडॅकची कच्ची फिल्म यायची ती कडेला छिद्रं नसलेली. म्हणून फाळक्यांनी कॅमेऱ्याबरोबर छिद्रं पाडायचं यंत्रही मागवलं होतं. एका चित्राला दोन्ही कडा धरून आठ छिद्रं, फुटात सोळा चित्रं. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा. करा गुणाकार: ४,७३,६००. पावणेपाच लाख छिद्रं! तीही एका प्रतीची, निगेटिव्हची वेगळी. यंत्र एका दाबात कितीही पाडो, फिल्म अंधारात हाताळायचं काम माणसाचंच. हे काम करत होत्या सरस्वतीबाई. फिल्म धुण्यात त्या होत्या, चित्रीकरणात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहायला त्या होत्या, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच.

माझा पहिला बऱ्यापैकी कॅमेरा छत्तीस फोटोंच्या रोलचा होता. रोल संपत आला की जीव खालीवर व्हायचा. पण रोलच्या कडेची छिद्रं मी कधी मोजली नाहीत. ती कारखान्यातून पाडूनच यायची ना!

'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या परेश मोकाशींच्या चित्रपटानं एक मोठं काम केलं. फाळक्यांना पुतळ्यातून काढून घरात आणलं. नंदू माधव आणि विभावरी देशपांडे यांच्यातलं नातं पाहताना हा दोघांचा उद्योग आहे हे कळतं. पण त्यातला विनोद इतका चपळ आहे की श्रमांचं वजन हलकं होतं. प्रेक्षक हसत बाहेर पडतो, त्याचा खांदा दुखत नाही. 'फॅक्टरी' हा शब्द शीर्षकात आहे. कारखान्यातला कंटाळा मला पडद्यावर अजून हवा होता.

याउलट फाळके स्वतः काय करत होते? कॅमेरा आणल्यावर टिपलं ते वाटाण्याचं रोप. रोज थोडं थोडं चित्रण करून अंकुराची वाढ मिनिटभरात दाखवली, आणि ते पाहून कर्ज देणारे तयार झाले. पुढे 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट केला, त्यात स्वतः कामाला लागलेले दिसतात. जादूगार आपली पेटी उघडून दाखवत नाही. हा माणूस दाखवत होता.

'राजा हरिश्चंद्र'चा जो भाग आज उरलाय, तो १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीचा असावा असं काही अभ्यासक मानतात. तो पाहून 'कॅमेरा हलतच नाही, हे तर नाटक' असं म्हणणारे भेटतात. त्यांनी इथं नाशिकला आल्यानंतरचा 'कालिया मर्दन' (१९१९) पाहावा. सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी जवळून दिसते. नुसता चेहरा. हसते, रुसते, भाव बदलते. मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा वेश उमटतो. देव दाखवायच्या आधी बापानं सांगून टाकलं की ही माझी पोर आहे, ती काम करतेय. आणि गंमत अशी की एवढं सांगूनही पुढे आपल्याला कृष्णच दिसतो. कॅमेरा न हलता प्रेक्षक हलतो. मला हा फाळक्यांचा सगळ्यांत धीट क्षण वाटतो.

म्हणून म्हणतो, ज्यानं श्रम झाकले नाहीत, त्याची आठवण आपण श्रम झाकून काढतो, हे बरोबर नाही. त्यागाची गोष्ट सांगितली की टाळी मिळते. पण 'गहाण टाकलं आणि झालं' एवढंच मुलांच्या लक्षात राहतं. दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ ला याच गावात गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. पुढच्या वेळी मुलांना तिथं नेलंत, तर विम्याची गोष्ट जरूर सांगा. पण त्याआधी तो गुणाकार करायला लावा, आणि अंधारात कोण बसलं होतं ते विचारा.

थांबतो.