पोलीस प्रशिक्षण, द्वेषमूलक गुन्हे आणि समाजसंबंध : भिवंडीचा प्रयोग व सक्करदऱ्याचा संदर्भ – एक चिकित्सा

प्रस्तावना :

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'द्वेषमूलक गुन्हा' अशी स्वतंत्र संज्ञा नाही. समाजगटांत वैर वाढविण्याविषयी कलम १९६ आहे. जात, समुदाय, भाषा यांसारख्या कारणांवरून पाच किंवा अधिक व्यक्तींच्या गटाने केलेल्या खुनासाठी कलम १०३(२) आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. कायदा असा विखुरलेला असला तरी त्याची पहिली अंमलबजावणी एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे पोलीस ठाण्यात. म्हणूनच अशा गुन्ह्यांसंबंधीच्या पोलीस प्रशिक्षणाचे मूल्यमापन अभ्यासक्रमाच्या पानांवरून न करता ठाण्याच्या पातळीवर करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने महाराष्ट्रातील अनुभवाची चिकित्सा केली आहे.

सक्करदऱ्याचा संदर्भ :

१७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपुरात झालेल्या आंदोलनानंतर पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि महाल-हंसापुरी परिसरात हिंसाचार उसळला. तीसहून अधिक पोलीस जखमी झाले. शहरातील अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागू झाली. त्यांत सक्करदरा ठाण्याचाही समावेश होता. २३ मार्चपर्यंत ती टप्प्याटप्प्याने उठविण्यात आली.

सक्करदऱ्याचा पूर्वेतिहास या घटनेच्या पार्श्वभूमीवर लक्षणीय ठरतो. राजे रघुजीराव भोसले यांनी १९०८ मध्ये ताजुद्दीन बाबांना मनोरुग्णालयातून आणून येथील आपल्या वाड्यात ठेवले होते. १९२५ मध्ये बाबांचे निधन झाले. उमरेड मार्गावरील ताजबागेत आजही सर्व धर्मांचे भाविक येतात. मात्र अशी सांस्कृतिक ठेव असणे वेगळे आणि अफवेच्या रात्री ती पोलिसांच्या उपयोगी पडणे वेगळे. परंपरेतला सलोखा ठाण्याच्या दैनंदिन कामकाजाशी जोडणारा दुवा लागतो. तो दुवा प्रयत्नपूर्वक निर्माण करता येतो काय, या प्रश्नाचे उत्तर शोधताना भिवंडीकडे वळावे लागते.

भिवंडीचा प्रयोग :

यंत्रमागांच्या या शहराने १९७० आणि १९८४ असे दोन भीषण दंगे पाहिले होते. १९७० च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलीस तपासातील पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले होते. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी सुमारे सत्तर मोहल्ला समित्या स्थापन केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली.

या प्रयोगाचे मर्म समित्यांच्या संख्येत नव्हते. ते त्यांच्या रचनेत होते. रूढ शांतता समितीत प्रतिष्ठित पुढारी बसतात आणि सणाच्या तोंडावर एखादी बैठक होते. खोपडे यांनी सामान्य रहिवाशांना एकत्र आणले आणि समितीची सूत्रे शिपायाच्या हाती दिली. त्यामुळे शिपायाला वस्तीतील भांडणे, माणसे आणि त्यांची भीती प्रत्यक्ष कळू लागली. हेच त्याचे खरे प्रशिक्षण होते. व्याख्यानातून पूर्वग्रह क्वचितच जातो. ज्याच्याविषयी पूर्वग्रह आहे त्याच्याशी नित्य व्यवहार करताना मात्र तो झिजतो. समाजशास्त्रज्ञ एम. एस. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस प्रशिक्षण समितीने १९७३ मध्येच पोलिसांच्या वृत्तिघडणीवर आणि सामाजिक शास्त्रांच्या अध्ययनावर भर दिला होता. भिवंडीने तो विचार वर्गाबाहेर नेला.

आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात दोन समाजांना जोडणारे नागरी संबंध शांततेचा आधार मानले असून त्या संदर्भात भिवंडीची दखल घेतली आहे.

प्रयोगाच्या मर्यादा :

तथापि या प्रयोगाचे निखळ गुणगान करणे योग्य ठरणार नाही. पहिली मर्यादा अशी की तो एका अधिकाऱ्याच्या पुढाकारावर उभा होता. बदली होणाऱ्या सेवेत व्यक्तीवर आधारलेली पद्धत टिकणे कठीण असते. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. मोहल्ला समितीचा विचार मुख्यतः दोन समाजांच्या संघर्षाचा आहे. एका दुर्बल कुटुंबावर सबंध गाव तुटून पडते तेव्हा सलोख्याची बैठक अपुरी पडते.

खैरलांजी हे त्याचे जळजळीत उदाहरण होय. भंडारा जिल्ह्यातील या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप न्यायालयात टिकले नाहीत. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही हत्येमागे सूडाचीच प्रेरणा मानली. येथे प्रशिक्षणाचा दुसरा अर्थ पुढे येतो. गुन्ह्यामागील द्वेष ओळखणे, तो जबाबात व पंचनाम्यात नोंदविणे आणि त्याचा पुरावा गोळा करणे हे एक तांत्रिक कौशल्य आहे. सुरुवातीच्या दिवसांत जी नोंद राहून जाते, ती पुढे न्यायालयात निर्माण करता येत नाही. म्हणूनच १९९५ च्या नियमांनी असा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे सोपविला आहे. २०१५ च्या दुरुस्तीने तर फिर्याद न नोंदविण्यासारखी कर्तव्यातील हेतुपुरस्सर कसूर लोकसेवकासाठी अधिक स्पष्टपणे शिक्षापात्र केली.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. समाजसंबंध आणि तपासकौशल्य ही प्रशिक्षणाची दोन अंगे परस्परपूरक आहेत. भिवंडीत पहिले साधले. खैरलांजीने दुसऱ्याचा अभाव किती महाग पडतो हे दाखविले.

२. प्रशिक्षणाचा केंद्रबिंदू शिपाई आणि हवालदार असला पाहिजे, कारण अफवा आणि फिर्याद दोन्ही प्रथम त्यांच्यापर्यंत पोहोचतात.

३. वस्तीशी असलेल्या संबंधांची लेखी नोंद ठाण्यात राहिली, तर ठाणेदाराच्या बदलीबरोबर ते संबंध संपणार नाहीत.

४. शांतता समितीच्या बैठकांची संख्या हे यशाचे माप होऊ शकत नाही. अफवा किती लवकर कळली आणि द्वेषाची नोंद किती अचूक झाली, हे माप लावणे उचित ठरेल.

सक्करदऱ्यासारख्या ठाण्यात ताजबागेच्या भाविकांपासून बाजारातील व्यापाऱ्यांपर्यंत सर्वांशी शिपायाची वर्षभर ओळख असेल, तर संचारबंदीचा आदेश हे पोलिसांच्या हातातील एकमेव साधन राहणार नाही. प्रशिक्षणाची खरी परीक्षा शांततेच्या दिवसांतच होत असते. दंगलीच्या रात्री केवळ तिचा निकाल लागतो.