फिट्झरॉयचे अंदाज: पद्धत कुठे आहे?

रॉबर्ट फिट्झरॉय म्हटलं की तुम्हाला डार्विनच्या ‘बीगल’चा कप्तान आठवेल. पण पुढे व्हाइस-ॲडमिरल झालेल्या या माणसाचं मोठं काम वेगळंच आहे. १८५४ पासून तो ब्रिटनच्या नव्या हवामान खात्याचा प्रमुख होता. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ जहाज वादळात फुटून चारशेहून जास्त माणसं गेली. मग तारेनं निरीक्षणं मागवून त्यानं १८६१ पासून बंदरांना वादळाचे इशारे दिले, वर्तमानपत्राला रोजचे अंदाजही.

आता त्याचं १८६३ चं ‘द वेदर बुक’ संशोधकाच्या नजरेनं वाचा. बॅरोमीटर वाचण्याचे ठोकताळे आहेत, पण अंदाज नेमका कसा काढला, हे दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येईल अशी पद्धत मला तरी सापडली नाही. सगळं डोक्यात! (लॅबमधले सीनियर आठवले ना?) १८६५ मध्ये त्यानं आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी गॉल्टनच्या समितीनं यावरच बोट ठेवलं. समितीचा प्रश्न मला पटतो, त्याचा परिणाम नाही. अंदाजांबरोबर वादळाचे इशारेही बंद झाले. बंदरांवरून ओरड झाली, तेव्हा १८६७ मध्ये ते परत सुरू करावे लागले. रोजच्या अंदाजांना मात्र १८७९ उजाडलं.