पाच हॉर्सच्या इंजिनाची डिझेलवाट

हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा आणि मेट्रोचा डेपो वसलेलं, मुळशी तालुक्यातलं माण हे मूळचं भातखाचरांचं गाव. चिखलणीच्या दिवसांत अशा गावात जुन्या इंजिनाचा आवाज दुरून ओळखू येतो. किर्लोस्करांचं एव्ही-1 घ्या. 1946 साली खडकीत सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं हे पाच हॉर्सचं, एका सिलिंडरचं यंत्र. त्याची डिझेलवाट ही मला यंत्ररचनेतली फार सुंदर गोष्ट वाटते.

टाकी वर, पंप खाली. डिझेल आपल्याच वजनानं फिल्टरमधून उतरतं. पंपातला प्लंजर आपल्या बॅरलमध्ये दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत सरकतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. म्हणून ही जोडी कधी फोडत नाहीत, दोन्ही एकत्रच बदलतात. तिथून सुमारे दोनशे बार दाबानं डिझेल नोझलला पोचतं. हवा काढून हँडल फिरवलं की नोझलमधून कर्र कर्र असा कोरडा आवाज येतो. जाणता मेस्त्री त्यावरच सांगतो, डिझेल पोचलं. नोझल गप्प असेल तर हँडल मारून दमण्यात अर्थ नाही. कुठेतरी हवा धरलीय किंवा फिल्टर तुंबलाय.

या दोन-तीन मायक्रॉनच्या फटीला वंगण डिझेलचंच. त्यात रॉकेल मिसळलं की वंगण पातळ होतं आणि प्लंजर झिजतो. पाणी त्याहून वाईट. फिल्टर त्याला पुरता अडवत नाही, गंज थेट पंपात धरतो. मुळशीच्या पावसात अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं, तळाशी बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळी बुळबुळीत घाण वाढते. म्हणून काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवावी आणि सकाळी तळाचं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढून बघावं. खाली वेगळा थर दिसला, की पाणी. साठवणीचं बॅरल किंचित तिरकं ठेवून, तळाचं चार बोटं सोडून वरचं डिझेल घ्यावं. जस्ताचा मुलामा दिलेला डबा मात्र वापरू नये. डिझेल जस्ताशी झगडतं आणि तो गाळ नोझलपर्यंत जातो.

आता शंका नव्या डिझेलची. बीएस-3 मानकात गंधक 350 पीपीएम चालत होतं, 2017 पासून देशभर 50, आणि 1 एप्रिल 2020 पासून फक्त 10. गंधक काढताना वंगणगुण जातो हे खरं. पण रिफायनरीत तो परत घालतात आणि मानकात त्याची अट आहे. सीटेनही, म्हणजे डिझेलची पेट घेण्याची तत्परता, किमान 51, म्हणजे या इंजिनाच्या तरुणपणातल्या डिझेलपेक्षा जास्तच. एका जागी मात्र फरक पडतो. जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेले रबरी वॉशर नव्यात आकसतात आणि टिपकू लागतात. ते बदलले की झालं. वंगणासाठी म्हणून टाकीत टू-टी (टू-स्ट्रोकचं) किंवा इंजिनातून काढलेलं ऑइल ओतायची सवय सोडावी. काढलेल्या ऑइलमधली काजळी आणि धातूची भुकटी त्या फटीला विषच.

पंपावर डिझेल घेताना घनता तपासून मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. आणि दुकानदार डिझेलमध्ये घालायच्या औषधाची महागडी बाटली पुढे करील, तेव्हा त्याच पैशांत नवा फिल्टर घ्या.