सोंग, शिवी आणि स्वतःचा आवाज : रिचर्ड प्रायरच्या रंगमंचीय कथनाविषयी

'स्वतःचा आवाज' हे शब्द आपल्या समीक्षेत फार सहजपणे वापरले जातात. एखाद्या कवीचा पहिला संग्रह अनुकरणात गेला आणि दुसऱ्यात त्याला 'स्वतःचा आवाज सापडला', असे परीक्षणात लिहून झाले की लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचेही समाधान होते. सापडला म्हणजे नेमके काय घडले, याची फोड सहसा कोणी करीत नाही. या शब्दप्रयोगात एक रूपक दडलेले आहे. आवाज अगोदरपासूनच आत कोठेतरी असतो, त्यावर संकेतांची आणि अनुकरणाची पुटे चढलेली असतात, ती खरवडून काढली की तो मोकळा होतो, असे ते रूपक. मर्ढेकरांच्या 'आत्मनिष्ठे'पासून साठोत्तरी काळातील 'अनुभवाच्या प्रामाणिकपणा'पर्यंत आपले अनेक निकष कमीअधिक प्रमाणात याच रूपकाच्या आधाराने उभे आहेत. ते कितपत टिकते हे पाहण्यासाठी मी येथे साहित्याच्या रूढ कक्षेबाहेरचे एक उदाहरण घेत आहे. अमेरिकन स्टँड-अप कॉमेडीतील रिचर्ड प्रायर (१९४०–२००५) याचे ते उदाहरण होय.

हा प्रकार निवडण्यास कारण आहे. नाटकातील नट पात्राच्या आड असतो, कादंबरीकार निवेदकाच्या आड असतो. स्टँड-अपमधला माणूस मात्र स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अंगावरच्या कपड्यांत, हातात एक ध्वनिक्षेपक घेऊन उभा राहतो आणि 'मी' म्हणून बोलू लागतो. अस्सलपणाचा दावा येथे जितका उघडा असतो तितका क्वचितच अन्यत्र असेल. आणि म्हणूनच तो तपासण्याची सोयही येथे अधिक आहे.

प्रायरचा जन्म इलिनॉय राज्यातील पिओरिया या गावचा. त्याची आजी कुंटणखाना चालवीत असे. त्याची आई तेथेच देहविक्रय करीत होती आणि मूल वाढले ते मुख्यतः आजीच्या हाताखाली. १९६३ मध्ये तो न्यूयॉर्कला आला तेव्हा मंचावर या पूर्वायुष्याचा मागमूसही नव्हता. बिल कॉस्बी हा त्या काळात गोऱ्या श्रोत्यांनाही जवळचा वाटणारा, शिवराळपणा आणि वर्णभेदाचा विषय दोन्ही टाळणारा कृष्णवर्णीय विनोदकार म्हणून यशस्वी झाला होता. प्रायरने त्याची लय, त्याची मुद्रा, त्याचे निरागस बालपणीचे किस्से असे सर्व काही उचलले. दूरचित्रवाणीवर त्याला कामे मिळू लागली, पैसा मिळू लागला.

यापुढची कथा दंतकथेसारखी सांगितली जाते. १९६७ साली लास व्हेगासच्या अलादिन हॉटेलात भरलेल्या सभागृहासमोर तो उभा राहिला, समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिले, आपण येथे काय करीत आहोत असा प्रश्न स्वतःलाच मोठ्याने विचारला आणि मंचावरून निघून गेला. १९९५ च्या आत्मचरित्रात त्याने स्वतःच हा प्रसंग आपल्या आयुष्याचा सांधा म्हणून मांडला आहे. संतचरित्रांतील साक्षात्काराशी त्याचे साम्य उघड आहे, आणि नेमके त्यामुळेच मला तो संशयास्पद वाटतो. प्रसंग घडला नाही असे माझे म्हणणे नाही. त्याने जे कार्य केले असे सांगितले जाते ते त्याने केलेले दिसत नाही, एवढेच. १९६८ मध्ये निघालेली प्रायरची पहिली ध्वनिमुद्रिका ऐकावी. दिवसा वृत्तपत्राच्या कचेरीत झाडलोट करणारा आणि अडीअडचणीला आकाशात झेपावणारा कृष्णवर्णीय अतिमानव तीत आहे. तुरुंगातील नाटकाचा, अनेक आवाजांनी गजबजलेला एक दीर्घ प्रवेशही आहे. शेजारीच कॉस्बीची छाया असलेले तुकडे आहेत. एका रात्रीत कात टाकलेल्या माणसाची ही ध्वनिमुद्रिका नव्हे. दोन भाषा एकाच तोंडात नांदत असल्याची ती साक्ष आहे.

१९७१ मध्ये तो बर्कलीला जाऊन राहिला. इश्माएल रीड, सेसिल ब्राउन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय लेखकांचा सहवास, माल्कम एक्सच्या भाषणांचे वाचन, मार्विन गेचे त्या वर्षीचे संगीत ही तेथली सामग्री. आवाजाचा शोध असा पुस्तकांतून, मैत्रीतून, दुसऱ्याच्या गाण्यातून झाला, याची नोंद 'आतून उमटलेल्या' आवाजाच्या पुरस्कर्त्यांनी घ्यावयास हवी.

१९७४ ते १९७६ या काळात निघालेल्या तीन ध्वनिमुद्रिकांनी प्रायरचे स्थान निश्चित केले. त्यांपैकी पहिलीच्या आणि तिसरीच्या शीर्षकातच कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी ती कुप्रसिद्ध शिवी आहे. तो शब्द मी येथे लिहिलेला नाही. का, ते पुढे येईल. या ध्वनिमुद्रिकांत 'मी' बोलतो त्याहून अधिक इतरच बोलतात. चौकात उभा राहून रहदारीला दिशा दाखवणारा दारुडा, त्याच्यासमोर भान हरपलेला नशेबाज तरुण, चर्चमधला धर्मोपदेशक, पोलीस, आणि १९७५ मध्ये अवतरलेला मडबोन. मडबोन हा मिसिसिपी राज्यातील ट्युपेलो गावचा म्हातारा, आयुष्यभर थापा मारत आलेला, आणि त्या थापांच्या ओघात सहज खरे बोलून जाणारा. प्रायर त्याची ओळख करून देतो, मग घसा खरवडला जातो, जबडा सैल पडतो, वाक्यांना श्वासाची वळणे मिळतात आणि ओळख करून देणारा नाहीसा होतो. एकदा पदव्युत्तर वर्गात मी मडबोनचे एक निवेदन मराठीत सांगून पाहिले. प्रमाण मराठीत तो जागीच मेला. मराठवाड्यातल्या एका विद्यार्थ्याने ते आपल्या बोलीत सांगितले तेव्हा तो उठून बसला खरा, पण मग तो मिसिसिपीचा राहिला नव्हता. आवाज हा आशयाला चढवलेला वेश नसतो, हे त्या दिवशी मुलांना माझ्या व्याख्यानापेक्षा अधिक चांगले कळले असावे.

मराठीत या सर्वासाठी एक नेमका शब्द आहे : सोंग. या शब्दाला दुहेरी अर्थ आहे. 'सोंग करणे' म्हणजे ढोंग करणे. पण 'सोंग वठणे' ही कलेला दिलेली दाद आहे. सोंग आणि सत्य परस्परविरोधीच असतात असे आपली भाषा मानत नाही, ते मानण्याची घाई आपली समीक्षा करते. कॉस्बीचे अनुकरण करणारा प्रायर आणि मडबोनचे सोंग आणणारा प्रायर, दोघेही दुसऱ्याच्याच आवाजात बोलत होते. फरक कोठे पडला? पहिल्या अनुकरणात एका यशस्वी व्यावसायिकाची सुरक्षित शैली होती. तिच्यामागे बोलणाऱ्या माणसांचा कोणताही समूह उभा नव्हता. दुसऱ्यात पिओरियाच्या गुत्त्यांतून, केशकर्तनालयांतून आणि आजीच्या घरातून कानांवर पडलेली माणसे होती. प्रायरला स्वतःचा आवाज सापडला तो स्वतःला बाजूला सारून, सोंगे वाढवून. कमी करून नव्हे.

या सोंगांना इतिहासाचीही एक बाजू आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन रंगभूमीवर गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करीत आणि ती नक्कल हेच कृष्णवर्णीयांचे खरे रूप म्हणून खपवली जाई. प्रायर ही चाल उलटवतो. त्याचा गोरा माणूस नाकातून बोलतो, कमरेत ताठ असतो, प्रत्येक शब्दाचा उच्चार काळजीपूर्वक करतो. १९७८ च्या अखेरीस लाँग बीच येथे चित्रित झालेल्या आणि १९७९ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'लाइव्ह इन कॉन्सर्ट'ची सुरुवातच मध्यंतरानंतर आपल्या जागेवर परतणाऱ्या गोऱ्या प्रेक्षकांच्या नकलेने होते; परत येऊन पाहतात तो खुर्च्यांत दुसरेच लोक बसलेले. ज्यांची नक्कल होते तेही त्याच सभागृहात बसून हसत असतात. आजवर नकलेचा विषय ठरलेल्याने नकलेचा हक्क स्वतःकडे घेतला, हे या हसण्यामागचे राजकारण आहे.

याच चित्रपटातील हृदयविकाराच्या झटक्याचा तुकडा माझ्या मते त्याच्या कलेचा कळस आहे. येथे तर अनुभव सर्वस्वी खाजगी, स्वतःच्या देहाचा. आत्मनिवेदनाला याहून योग्य विषय कोणता? पण प्रायर 'मला काय वाटले' हे सांगतच नाही. हृदयच बोलू लागते, आणि तेही एखाद्या दरडावणाऱ्या दांडगटाच्या आवाजात. श्वास घेऊ नकोस म्हणून हुकूम सोडते, गुडघ्यावर बसवते, डुकराचे मांस खाताना मरणाचा विचार का केला नाहीस म्हणून जाब विचारते. घाबरलेला माणूस देवाशी संपर्क साधू पाहतो, तर फोनवर ताटकळत राहावे लागते. आणि आपल्याला डावलून वर तक्रार नेली म्हणून हृदय आणखीच भडकते. प्रायर जमिनीवर लोळत असतो. आयुष्यभर ज्या सत्तेच्या आवाजाला तोंड दिले तो आवाज आता बरगड्यांच्या आत शिरला आहे, हे सांगण्यासाठी त्याला एकही विधान करावे लागत नाही. 'मी'च्या तळाशी गेल्यावर तेथे 'मी' सापडत नाही. तेथे एक झटापट चाललेली असते आणि तिच्यात दोन तरी आवाज असतात.

मराठी वाचकाला येथे 'बलुतं'ची आठवण व्हावी. हा दुवा केवळ माझ्या मनातला नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते, आणि जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या दशकात कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत आणून चर्चेत ठेवले होते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, म्हणजे लाँग बीचच्या प्रयोगाच्याच वर्षाचे. त्याचे स्वागत 'अस्सल', 'जळजळीत', 'प्रामाणिक' अशा विशेषणांनी झाले. परंतु त्या पुस्तकात दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, ही रचना या विशेषणांच्या गर्दीत दुर्लक्षित राहिली. शिकून पांढरपेशा झालेला आणि मागे राहिलेला, असे एकाच माणसाचे दोन आवाज समोरासमोर बसवल्याखेरीज ती कहाणी सांगता आली नसती. त्या लेखनाला केवळ 'अनुभवाचा दस्तऐवज' म्हणणे म्हणजे त्याची रचना नाकारणे होय. प्रायरविषयीही तेच घडले. त्याच्या 'निर्भीड सच्चेपणा'चे गोडवे गाणाऱ्यांनी मडबोनची कारागिरी क्वचितच ऐकली.

आता त्या शब्दाविषयी. १९७९ मध्ये प्रायर केनियाला गेला. नैरोबीत हॉटेलच्या दालनात बसून भोवतालची माणसे न्याहाळत असता आपल्याला एक आवाज ऐकू आला, येथे तुला तो शब्द लागू पडेल असा कोणी दिसतो का, असे त्याने विचारले, आणि उत्तर नाही असे होते, ही हकिकत त्याने १९८२ च्या 'लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप' या चित्रपटात सांगितली आहे. तो शब्द पुन्हा वापरायचा नाही असे त्याने ठरवले. ज्या शब्दावर त्याच्या अस्सलपणाची ख्याती उभी होती, तोच त्याने टाकून दिला. शिवी आपलीशी करून तिचा दंश काढून घेता येतो, या भूमिकेचा तो स्वतःच सर्वांत प्रभावी पुरावा होता. आणि त्यानेच ती भूमिका सोडली. अस्सल आवाज एकदा सापडला की कायमचा, असे मानणाऱ्यांना हा निर्णय पेलत नाही. काही चाहत्यांना त्यात मवाळपणा दिसतो. मला त्यात आवाजावरची त्याची हुकमत दिसते. त्याच चित्रपटात मडबोन पुन्हा येतो आणि प्रायरविषयी तिऱ्हाइतासारखा बोलतो, हेही लक्षणीय आहे.

याच चित्रपटात आगीची हकिकतही आहे. जून १९८० मध्ये प्रायर गंभीररीत्या भाजला होता. मंचावर तो आधी दूध आणि बिस्किटांची एक उघड थाप मारतो, ती मागे घेतो आणि मग कोकेनच्या व्यसनाची कबुली देतो. ओढायची नळीच त्याच्याशी लाडीगोडीने बोलते, बाहेर जाऊ नकोस म्हणून विनवते. सभागृह थरारते आणि ही निखळ कबुली आहे असे वाटते. पण १९८६ च्या 'जो जो डान्सर' या त्याने स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात आणि पुढे आत्मचरित्रात त्याने जे मांडले त्यानुसार तो अपघात नव्हताच. त्याने मद्य अंगावर ओतून घेऊन पेटवले होते. म्हणजे थाप मागे घेऊन दिलेली कबुली हीसुद्धा एक आवृत्ती होती. ती खोटी होती असे मी म्हणणार नाही. नळीच्या आवाजातली ओढ खोटी वाटत नाही. परंतु श्रोत्याला सत्य वाटणे आणि सत्य असणे यांतील अंतर 'आवाजाचा सच्चेपणा' या निकषाने मोजता येत नाही, हे आपण मान्य करावयास हवे.

आवाज वाटण्याच्या या कलेत कोणाच्या वाट्याला आवाज आला आणि कोणाच्या आला नाही, हा प्रश्न तरीही उरतो. १९७८ च्या पहिल्या दिवशी प्रायरने मोटारीवर गोळ्या झाडल्या होत्या. पत्नी तिच्यातून निघून जाणार होती, असे 'लाइव्ह इन कॉन्सर्ट'मध्ये तो सांगतो. या तुकड्यात पोटातली व्होडका बोलते, आणखी गोळ्या झाड म्हणून चिथावते. हवा सोडणारे टायरही कण्हते. लोक हसून लोटपोट होतात. पत्नी जवळजवळ काहीच बोलत नाही.